मदत हवी आहे: आशियाई स्नूकर स्पर्धा गटसामन्यांपासून कुठे आणि कशी पाहायची?

नमस्कार मंडळी. इथे आधी शोधून पाहिलं. क्रिकेट आणि बुद्धिबळाचे धागे भरपूर आहेत, स्नूकरचा मिळाला नाही, म्हणून नवीन काढते आहे.

माझा मुलगा अकरावीत आहे. कॉलेज सुटलं की थेट स्नूकर पार्लर गाठतो. ज्युनिअर गटात राज्य स्पर्धाही खेळून आला. सध्या त्याच्या तोंडी एकच विषय असतो, एसीबीएसची (आशियाई बिलियर्ड्स महासंघाची) आशियाई अजिंक्यपद स्पर्धा. स्पर्धा हौशी खेळाडूंची, पण अलीकडच्या वर्षांत तिच्या विजेत्याला व्यावसायिक दौऱ्याचं दोन वर्षांचं कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, मिळत आलं आहे. म्हणजे हा एक चषक जिंकला की थेट रॉनी ओसलिव्हन, जड ट्रम्प या जगज्जेत्यांच्या ड्रॉमध्ये नाव. आमच्यासारख्या घराला ही गोष्ट किती मोठी वाटते ते शब्दांत सांगता येत नाही.

आपल्याकडचे काही विजेते मला पाठ झालेत. मुंबईचे यासिन मर्चंट १९८९ आणि २००१ मध्ये, मुंबईचेच आदित्य मेहता २०१२ मध्ये, आणि पंकज अडवाणी २०१९, २०२१, २०२५ मध्ये, तिन्ही वेळा दोह्यात. मेहता तर पुढच्याच वर्षी दिल्लीतल्या इंडियन ओपनच्या फायनलला पोचले. चीनच्या डिंग जुनहुईकडून ०-५ हरले, पण रँकिंग (व्यावसायिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या) स्पर्धेच्या फायनलला गेलेले ते पहिले भारतीय.

अडचण अशी की पेपरात बातमी येते ती फायनलची, आणि तीही आपला माणूस जिंकला तरच. गटात कोण थोडक्यात बाहेर गेलं, कोणी शेवटच्या फ्रेममध्ये (म्हणजे डावात) अगदी शेवटच्या काळ्या चेंडूवर सामना काढला, यातलं काही कळत नाही. मला मुलाबरोबर सगळी स्पर्धा पाहायची आहे, हरणाऱ्यांसकट. त्यालाही कधी पोचलाच तर याच फेऱ्यांतून जायचं आहे.

गेल्या खेपेला एक लिंक मिळाली होती. एका टेबलाचा कॅमेरा, कॉमेंट्री नाही, खेळाडूंची नावं नाहीत. शेजारी कोणीतरी स्कोअर टाकत होतं: ७१(६३)-१२, ८-६६, ५९-५४. त्यातला कंस मला उलगडला नाही आणि मुलगा क्लासला गेलेला.

तर विचारायचं आहे ते असं. ड्रॉ आणि रोजचे स्कोअर खात्रीने कुठे मिळतात? गटात दोघांचे विजय सारखे झाले तर पुढे कोण जातं? आणि विजेत्याने कार्ड घेतलंच नाही तर? अडवाणी २०१२ ते २०१४ दौऱ्यावर होते, मग जागा सोडून परतले. २०२१ ला आशियाई जिंकूनही ते दौऱ्यावर दिसले नाहीत. कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद:
ताई, धागा काढलात ते फार बरं झालं. कंसातला आकडा म्हणजे त्या फ्रेममधला मोठा ब्रेक, साधारण ५० किंवा त्याहून जास्त. ७१(६३)-१२ म्हणजे एकाच फेरीत टेबलाशी उभं राहून ६३ गुण केले, समोरचा खुर्चीत बसून राहिला. ५९-५४ मध्ये कंस नाही, म्हणजे फ्रेम तुकड्यातुकड्यात गेली, सेफ्टीवर, म्हणजे समोरच्याला सोपा फटका न ठेवण्यावर, घासली गेली. मी तर या बिनकंसाच्या फ्रेम आधी शोधतो. दडपणाखाली कोण टिकतं ते तिथेच दिसतं.

गटात आधी जिंकलेले सामने मोजतात, बरोबरी झाली तर फ्रेमचा फरक. बेस्ट ऑफ सेव्हनमध्ये ०-४ हरणं आणि ३-४ हरणं यात म्हणूनच जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सामना गेला असं वाटत असताना काढलेली एक फ्रेम बाद फेरीत नेऊ शकते. मुलाला हे आवर्जून दाखवा.

स्कोअरसाठी स्नूकर डॉट ऑर्ग आणि क्यूट्रॅकर या दोन साइट धरा. क्यूट्रॅकरवर जुने निकालही सापडतात. थेट प्रक्षेपणासाठी यजमान फेडरेशनची फेसबुक आणि यूट्यूब पानं आदल्या दिवशीच फॉलो करून ठेवा. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथले सकाळचे १० म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. वेळापत्रक वाचताना हे लक्षात असू द्या, नाहीतर पहिलं सत्र हुकतं.

प्रतिसाद:
कार्डाबद्दल मी लिहितो. नवा हंगाम सुरू होण्याआधी दौऱ्याची खेळाडूंची यादी जाहीर होते आणि कोण कुठल्या मार्गाने आला ते तिथे कळतं. आशियाई स्पर्धेच्या वाट्याची जागा त्या वर्षी कोणाला गेली, हे यादीत पाहा. बातम्यांवर विसंबू नका. नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची घोषणाच खरी. एकवीस वर्षांखालच्या आशियाई विजेत्यालाही काही वर्षी कार्ड मिळालं आहे. तुमच्या मुलाच्या वयाला ती स्पर्धा जास्त जवळची, तिच्यावरही लक्ष ठेवा.

अडवाणींनी जागा का सोडली असेल, याचं नवल वाटायला नको. बहुतेक स्पर्धा ब्रिटन आणि चीनमध्ये. राहणं, सरावाचं टेबल, व्हिसा, प्रवास, सगळं खेळाडूच्या शिरावर. दौऱ्यावर साधारण १२८ जण, क्रमवारी दोन वर्षांच्या बक्षिसाच्या रकमेवर, आणि मुदत संपताना पहिल्या ६४ मध्ये नसलात तर कार्ड बहुधा जातं. पहिलं वर्ष नुसतं जुळवून घेण्यात संपतं. तरीही मी म्हणेन, मुलाला स्वप्न पाहू द्या. मुंबईचा ईशप्रीत सिंग चढ्ढा २०२३ मध्ये बँकॉकच्या क्यू स्कूलमधून (दौऱ्यासाठीच्या पात्रता स्पर्धेतून) दौऱ्यावर गेला. आशियाई स्पर्धा हा एकच दरवाजा नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री क्यूट्रॅकर उघडून आम्ही दोघं २०१९ चे निकाल पाहत बसलो. फायनलमध्ये अडवाणींनी थायलंडच्या थनावत तिरापोंगपैबूनला ६-३ हरवलं होतं. फ्रेमच्या फरकाचा नियम ऐकल्यावर मुलगा एकदम गप्प झाला. राज्य स्पर्धेत तो एक सामना ०-४ असा सोडून आला होता.

आता एक शेवटचं विचारते. भारतीय संघात निवड राष्ट्रीय स्पर्धेतल्या कामगिरीवर होते, इतकं कळलं. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेला महाराष्ट्रातून जायचं तर नोंदणी राज्य संघटनेकडे थेट करायची की क्लबमार्फत? ज्यांची मुलं जाऊन आली आहेत त्यांनी कृपया लिहावं. नाशिककडचं कोणी असेल तर व्यनि केलात तरी चालेल.