जुन्या बाजारातली तलवार खरी की नवी, कसं ओळखायचं?

बिचवा_पुणे:
मंडळी, माझ्याकडे सगळ्या रिप्लिकाच आहेत, दांडपट्टा, कट्यार, दोन धोप (लांब सरळ पात्याच्या तलवारी), आणि त्यांवर माझा जीव आहे. पण रविवारी जुन्या बाजारात एकाने तलवार दाखवली, पेशवाईतली म्हणाला, १८ हजार. पात्यावर पाण्यासारखी नक्षी, मुठीजवळ देवनागरीत एका मोठ्या सरदाराचं नाव आणि गंज सगळीकडे. फोटो काढू देईना. घेऊ का? रात्रभर झोप नाही.

लाख_आणि_लोखंड:
थांब भावा. आधी मूठ बघ. आपल्या जुन्या तलवारीत पात्याचा आखूड शेपटा पोकळ मुठीत घालून लाखेने पक्का करायचे, त्यामुळे कडेला काळपट लाख दिसते, कधीकधी पातं जरासं हलतंही. नवीन मालात वेल्डिंगची रेघ, एपॉक्सी, नाहीतर मुठीच्या टोकावरच्या वाटीत नट असतो. गंज पण बघ, अ‍ॅसिड मारलेलं असेल तर खड्डे सगळीकडे एकसारखे, अगदी कोरीवकामाच्या आतसुद्धा, आणि जुना गंज काळा-तपकिरी, घट्ट बसलेला असतो, बोटाला नारिंगी भुकटी लागत नाही. मॅग्नेट चिकटला म्हणजे खरी असं समजू नको, ४२० नावाच्या स्टेनलेस स्टीललाही तो चिकटतो.

सातारकर७:
नावाला भुलू नका. नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात ४७.१५ लाखांना घेतली, तिच्यावरही नाव आहे पण पात्याच्या पाठीवर मुठीलगत, आणि पातं युरोपियन बनावटीचं, म्हणून त्या कोरलेल्या नावासोबत 'फिरंग' लिहिलंय. असं नाव असलेली वस्तू रस्त्यावर १८ हजाराला कोण देईल हो? आणि खरी निघाली तरी १०० वर्षांवरची वस्तू पुरावशेषात मोडते, विकायचा धंदा करायला लायसन्स लागतं, देशाबाहेर तर नेताच येत नाही. ९ इंचावरच्या पात्याला शस्त्र कायदाही आहे, तो वेगळा. आणि घेतलीच तर पॉलिश पेपर लावू नका, हात जोडून सांगतो! मशिनचं तेल आणि मऊ फडकं, बास.

बिचवा_पुणे:
दादा, आज परत जाऊन टॉर्च मारून बघितलं. वाटीखाली वेल्डिंगची रेघ आहे, आणि पाण्याची नक्षी दर चार बोटांवर तीच तीच, म्हणजे वरून उमटवलेली. रिप्लिका म्हणून ३ हजार देतो म्हटलं, तो नाही म्हणाला. सोडून आलो. आता केळकर म्युझियममध्ये जाऊन आधी खऱ्या मुठी नीट बघतो.