दम लागलेल्या माणसाची शुश्रूषा : तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती (सिस्टर, छातीविकार वॉर्ड)

गेल्या महिन्यात एक आजोबा परत भरती झाले. सीओपीडीचे (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) जुने पेशंट, घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन. रात्री धाप वाढली म्हणून मुलाने ऑक्सिजन मिनिटाला २ लिटरवरून ५ वर नेला. बोटावरच्या मशीनवर ९८ दिसलं आणि सगळे निर्धास्त झोपले. सकाळी हाका मारल्या तरी आजोबा डोळे उघडेनात. अशा काही पेशंटना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. म्हणून त्यांचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, बोटावरचं मशीन दाखवतं ती) आम्ही ८८ ते ९२ मध्येच ठेवतो. दीड दिवस बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) काढल्यावर आजोबांनी चहा मागितला. मुलगा मात्र दारातून आत येईना. "सिस्टर, मला वाटलं जास्त दिला तर बरं वाटेल."

चूक आमची होती. घरी पाठवताना कागदावर "२ लिटर" लिहिलं होतं, जास्त का नको ते सांगितलं नव्हतं. पेशंट घरी गेला की पुढे त्याचं काय होतं, घरच्यांना काय काय निभवावं लागतं, ते आमच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून विचारते. घरी सांभाळणाऱ्यांनी लिहा, ड्यूटी करणाऱ्यांनीही लिहा.

सून, सातारा जिल्हा

सासूबाईंनी कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. ४० वर्षं चुलीपुढे फुंकणी फुंकली, त्या धुरानं छाती गेली. आडवं झोपता येत नाही. पलंगावर बसवून पुढ्यात स्टूल ठेवते, त्यावर दोन उशा. उशांवर हात आणि डोकं टेकून तशीच डुलकी काढतात. आंघोळ बसूनच, नाकातली नळी न काढता. टॉवेलनं अंग पुसायलाही दम लागतो, म्हणून जुनं सुती लुगडं गुंडाळते, ते पाणी टिपून घेतं. भाकरी दुधात कुस्करून, दिवसातून पाच वेळा थोडी थोडी. पोट भरून जेवल्या तर छाती जास्तच भरून येते.

कानाचं मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं. नळी कानामागून जाते. महिन्याभरात तिथली कातडी सोलवटली, आणि त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. वेणी घालताना फणीला रक्त लागलं तेव्हा कळलं. आता धोतराची मऊ चिंधी नळीला गुंडाळते.

देवघर त्याच खोलीत होतं. ऑक्सिजनजवळ ज्योत नको म्हणून समई, उदबत्ती सगळं माजघरात हलवलं, त्या दिवशी त्या खूप रडल्या. आता खुर्ची अशी ठेवलीय की दारातून देव दिसतात.

लाइट गेली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. बी टाइप सिलिंडर आहे, दीड हजार लिटरचा. २ लिटरने जेमतेम १२ तास. काटा रोज बघते. एक विचारायचं होतं, नाक कोरडं पडून रक्त येतं, व्हॅसलीन लावू का?

धागाकर्ती

नको ताई. ऑक्सिजनपाशी तेलकट काहीच नको, पेट घेण्याची भीती असते. डॉक्टरांना विचारून सलाइनचे थेंब घ्या. मशीनच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. आणि त्या चिंधीसाठी तुमचे आभार, उद्यापासून वॉर्डात दाखवते.

स्टाफ ब्रदर, नागपूर

एप्रिल २०२१, कोविड वॉर्ड. पीपीई किटमध्ये सहा तास, पेशंटला आमचे फक्त डोळे दिसायचे. पालथं झोपवलं की ऑक्सिजन सुधारतो, पण व्हेंटिलेटरवरच्या माणसाला पालथं करायचं तर पाच जण लागतात. डोक्याशी एक, त्यानं फक्त श्वासाची नळी धरायची आणि तोच "एक, दोन, तीन" म्हणणार. छातीखाली उशी, कमरेखाली उशी, पोट मोकळं. एका रात्री घाईत सलाइनची नळी अंगाखाली अडकली आणि सुई निघाली. गादीवर रक्त पसरलं तेव्हा लक्षात आलं. तेव्हापासून उलथवायच्या आधी मी प्रत्येक नळीवरून हात फिरवतो, आजही. शुद्धीत असलेले स्वतःच पालथे व्हायचे, पण घाबरून लगेच उठून बसायचे. शेजारी थांबून पाठीवर हात ठेवला की टिकायचे.

मुलगा, ठाणे

बाबांना आयएलडी, म्हणजे फुप्फुसं कडक होत चाललीत. सॅच्युरेशन बसल्या जागी ९३, संडासपर्यंत गेले की ८१. आम्ही डॉक्टरांना बसल्या जागचाच आकडा सांगत राहिलो. चालतानाचाही लिहून न्या. बोटं गार असतील तर आधी चोळून ऊब आणा, नाहीतर मशीन भलतंच दाखवतं.

पत्नी, इंदूर

ह्यांच्या गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी आहे, श्वासासाठी गळ्याला भोक पाडून बसवलेली. कफ ओढायचं सक्शन मला सिस्टरांनी चार दिवसांत शिकवलं. नळी आत घालताना ओढायचं नाही, बाहेर काढताना ओढायचं, आणि सगळं मिळून १० ते १५ सेकंदांत. पहिल्यांदा माझे हात इतके कापत होते की मोजणंच विसरले. मग त्यांनी सांगितलं, "नळी घालताना तुम्हीही श्वास रोखून धरा. तुम्हाला कोंडल्यासारखं झालं म्हणजे त्यांनाही झालं." दोन वर्षं तसंच करतेय. बोलता येत नाही म्हणून उशाशी पाटी-पेन्सिल. घरी आल्यावर पहिला शब्द लिहिला, "पंखा". तोंडावर वारा आला की धाप कमी वाटते, हे मला त्या पाटीनं शिकवलं.

निवृत्त मेट्रन, मिरज

धाप लागलेल्याला "घाबरू नका" म्हणून उपयोग नसतो, त्याच्याबरोबर श्वास घ्यावा लागतो. मी समोर बसायची, गुडघ्याला गुडघा लावून. नाकानं आत, आणि ओठांचा चंबू करून सावकाश बाहेर. म्हणायची, "आजी, डोळ्यांपुढे समई आणा. ज्योत विझवायची नाही, नुसती हलवायची." पाच-सात मिनिटांत खांदे खाली यायचे. मास्कखाली नाकाच्या हाडावर लाली दिसली की त्याच पाळीत उपाय करायचा, सकाळपर्यंत जखम होते. इनहेलरनंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंड येतं आणि मग जेवण तुटतं.

धागाकर्ती

आज आजोबा तपासणीला आले होते. मुलानं मोबाइलवर मशीनचा फोटो दाखवला. २ च्या रेघेवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका, आणि खाली चिकटपट्टीवर आमच्या वॉर्डाचा फोन नंबर.