शब्दचर्चा : पात्राच्या ‘बिलीफ’ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती :
कोथरूडमधल्या आमच्या रोलप्लेइंग (एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायच्या) गटाचा नवा खेळ १७७३ च्या पुण्यात घडणार आहे. ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, त्यानंतरचे दिवस. म्हणून पात्रांचे कागद यंदा मराठीतच करायचे ठरलंय आणि ‘बिलीफ’पाशी गाडी अडलीय.

नियम ‘बर्निंग व्हील’ या रोलप्लेइंग खेळाचे (२००२). त्यात खेळाडू पात्राच्या तीन बिलीफ लिहितो, म्हणजे ते काय मानतं आणि त्यासाठी काय करणार, आणि खेळ चालवणारा गेम मास्टर मुद्दाम त्यांनाच डिवचणारे प्रसंग आणतो. बिलीफच्या मागे लागलं की गुण मिळतात. त्या गुणांना मूळ इंग्रजी नियमांतही ‘अर्थ’च म्हणतात, आपलाच शब्द!

‘श्रद्धा’ लिहिलं की सगळे देवाकडे वळतात. एकीने लिहिलं, ‘पर्वतीच्या देवदेवेश्वरावर माझी श्रद्धा आहे.’ असेल, पण ती आज रात्री काय करणार ते त्यातून कळत नाही. ‘विश्वास’ कोणावर तरी ठेवायचा असतो. ‘धारणा’ अग्रलेखातली वाटते. काही सुचतंय? कागदावरच्या ‘मोटिव्हेशन’ आणि ‘इन्स्टिंक्ट’लाही शब्द हवेत.

प्रतिसाद १ :
निष्ठा?

प्रतिसाद २ :
निष्ठेला धनी लागतो. पगार थकला म्हणून वाड्यात घुसलेल्या गारद्यांची निष्ठा कोणाशी होती, हाच तर तुमच्या खेळातला प्रश्न असणार. ‘ब्रीद’ही नको, ते चारचौघांत मिरवायचं. बिलीफ पात्राने बायकोलासुद्धा सांगितलेली नसेल.

माझं मत ‘वसा’ला. श्रावणातल्या कहाण्या आठवा. वसा म्हणजे नुसतं मानणं नव्हे. काय करायचं, किती दिवस करायचं, सगळं त्यात आलं. शिवाय ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ हेही बजावलेलं, म्हणजे टाकायचा मोह होणार हे गृहीतच आहे. खेळाला हेच तर हवं!

समजा, पात्र रामशास्त्र्यांकडचा कारकून आहे. ‘न्याय सर्वांना सारखा’ एवढंच लिहिलं तर ते मत झालं. त्यापुढे ‘खुनाच्या दिवशी देवडीवर असलेल्या हुजऱ्याची जबानी मी शास्त्रीबुवांपर्यंत पोचवणारच’ असं जोडा. आता गेम मास्टरला खाद्य मिळालं. हुजऱ्या पळालाय, आणि कारकुनाचा सासरा राघोबादादांच्या पदरी आहे. स्वतः शास्त्रीबुवांनी तर दादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. याला वसाच म्हणायचा.

प्रतिसाद ३ :
दादा, उदाहरण फार आवडलं. पण पात्र दुष्ट असेल तर? ‘समाजसेवेचा वसा’ कानाला बरोबर वाटतं, ‘फितुरीचा वसा’ खटकतं. ‘खूणगाठ’ कशी वाटते? मनाशी खूणगाठ साधूही बांधतो आणि सूड उगवणाराही. ती कोणाला दिसत नाही, आणि बांधणाऱ्याला विसरता येत नाही.

आणि मोटिव्हेशनला कृपा करून ‘प्रेरणा’ म्हणू नका. प्रेरणा सत्काराच्या भाषणात घेतात. ‘हेतू’ पोलीस तपासात विचारतात. ‘ध्यास’ चांगला आहे, पण तो थोरामोठ्यांना शोभतो. साध्या शिपायाला कसला ध्यास? मी ‘सल’ लिहीन. नव्या खेळाडूला ‘तुझ्या पात्राची प्रेरणा काय?’ विचारलं की तो छताकडे बघतो. ‘त्याला काय सलतं?’ विचारा, लगेच बोलायला लागतो : थोरला भाऊ पानिपतावरून परतला नाही, बारा वर्षं झाली, वहिनी अजून कुंकू लावते. असा माणूस कोणाचं ऐकेल, कोणावर चिडेल, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

धागाकर्ती :
‘सल’ तर लगेच घेतला. ‘वसा’ सोडवत नाही, पण फितुरीचा मुद्दा पटला, तेव्हा कागदावर ‘खूणगाठ’ छापते. खेळता खेळता बिलीफ बदलली तर ‘गाठ सोडली’ असंही म्हणता येईल.

आता ‘इन्स्टिंक्ट’ उरलं. पात्र विचार न करता जे करतं ते, उदाहरणार्थ ‘अनोळखी घरात शिरताना मागचं दार आधी हेरतो.’ ‘अंतःप्रेरणा’ नकोच. ‘अंगवळण’ चालेल का?