मदत हवी आहे: गाडीचा हिटर थंड हवा मारतोय, पहाटे वडिलांना डायलिसिसला न्यायचं असतं

नमस्कार मंडळी, गाडीतलं कळणाऱ्यांनी जरा लक्ष घाला, निकड आहे.

गाडी डिझेल हॅचबॅक, २०१३ ची, सेकंडहँड घेतलेली, १ लाख ३८ हजार किमी झालेत. आम्ही निफाडजवळ राहतो, वडिलांचं आठवड्यातून तीनदा नाशिकला डायलिसिस असतं, सकाळी ६ चा नंबर म्हणजे पावणेपाचला घर सोडायचं. सध्या पारा ६-७ वर आलाय, लोक द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून बसलेत आणि आमच्या गाडीत नॉब पूर्ण लालवर फिरवला तरी गारच हवा. वडील स्वेटर कानटोपी वरून घोंगडी एवढं घेऊन बसतात तरी सेंटरला पोचेपर्यंत फिस्टुलाचा हात (डायलिसिसची सुई टोचतात तो) गार पडलेला असतो, सिस्टर म्हणतात दादा हात गरम ठेवून आणत जा, गार हाताची शीर लवकर सापडत नाही. परवा दोनदा टोचावं लागलं, ते काही बोलले नाहीत पण मला बघवलं नाही.

आता लक्षणं सांगतो. ब्लोअर चारही स्पीडला चालतो, हवेला जोर आहे. टेंपरेचरचा काटा हायवेला एक चतुर्थांशच्या वर जातच नाही, चांदोरी गेलं तरी तिथंच. नांदूर नाक्याला ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की काटा थोडा चढतो आणि हवा किंचित कोमट लागते, गाडी पळायला लागली की परत गार. अ‍ॅव्हरेजही कमी झालंय असं वाटतं. कूलंटची बाटली मिनिमम मॅक्सिममच्या मधे आहे पण आतलं पाणी गढूळ तांबूस दिसतं. कार्पेट कोरडं आहे, गोडसर वास वगैरे नाही.

एका गॅरेजवाल्याने गाडी चालू न करताच सांगितलं की हिटर कॉइल गेली, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, ११ हजार आणि दोन दिवस गाडी ठेवा. पैशाचं बघता येईल पण दोन दिवस गाडी ठेवली तर वडिलांना न्यायचं कसं? डॅशबोर्ड खोलण्याआधी घरी काही तपासता येईल का?

प्रतिसाद:

दादा, डॅशबोर्डला अजिबात हात लावू देऊ नका. मला एकच सांगा, मे महिन्यात गाडी गरम होत होती का आणि कोणी थर्मोस्टॅट काढून टाकला का? आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धतच पडलीय. तो असतो म्हणून इंजिन ८०-८५ डिग्रीपर्यंत तापेस्तोवर पाणी रेडिएटरकडे जात नाही. तो नसला की गार पाणी सारखं फिरत राहतं, इंजिन तापतच नाही, मग हिटरला उष्णता येणार कुठून, कारण हिटरची कॉइल म्हणजे इंजिनच्या गरम पाण्यावरच चालणारा छोटा रेडिएटर. पळताना गार आणि उभी असताना कोमट, हे त्याचंच लक्षण. डिझेल इंजिन तसंही उशिरा तापतं.

खात्री करायची तर २० मिनिटं गाडी चालवून आणा, इंजिन बंद करा, बोनेट उघडून केबिनच्या भिंतीत जाणारे दोन रबरी पाइप जपून चाचपा. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट किंवा पाणी कमी. एक चटका देणारा आणि दुसरा गार असेल तर कॉइल चोंदलीय किंवा हवा अडकलीय, बोअरचं पाणी घालत असाल तर क्षार बसतातच. दोन्ही कडक गरम असून हवा गार असेल तर गरम-गार हवा वळवणारा आतला फ्लॅप किंवा नॉबची केबल सुटलीय, ते काम किरकोळ असू शकतं. आणि कृपा करून गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका, माझ्या काकांचा हात भाजलाय त्यात.

धागाकर्ता:

बरोबर ओळखलंत! मागच्या मेमध्ये गाडी दोनदा तापली होती, तेव्हाच्या मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला हो काढून टाकलाय, आपल्याकडे त्याची गरज नसते. काल दोन्ही पाइप चाचपले, दोन्ही कोमट, आंघोळीचं पाणी निवत आलं की लागतं तसे.

आज दुसऱ्या गॅरेजात नवीन थर्मोस्टॅट बसवला, सिस्टिम धुऊन घेतली, तांबडं लाल पाणी निघालं, मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं अर्धं भरलं आणि पुढची बाजू चढावर ठेवून हवा काढली. तीन तासांचं काम, सगळं मिळून २,६०० रुपये. काटा आता मधोमध थांबतो आणि गावाबाहेर पडेपर्यंत गरम हवा यायला लागली.

फक्त एक शंका राहिली. मेमध्ये गाडी मुळात तापत का होती ते कोणी पाहिलंच नव्हतं, आता थर्मोस्टॅट आहे तर उन्हाळ्याआधी रेडिएटर, फॅन आणि वॉटर पंप यातलं आधी काय तपासून घेऊ? उद्या पहाटे परत नाशिक आहे, संध्याकाळपर्यंत उत्तरं वाचतो.