ऑब्स्ट्रक्शन: अडवला की आडवा पडला?

सड्यावरचा: शालेय बेसबॉलच्या पंचांसाठी नियमांची मराठी टिपणं करतोय. ऑब्स्ट्रक्शन आणि इंटरफिअरन्स या जोडीपाशी गाडं अडलंय. आधीच्या टिपणांत दोन्हींना 'अडथळा' लिहून हात झटकलेत. खरं तर पहिल्यात फिल्डर रनरची वाट धरतो, दुसऱ्यात बहुतेकदा बॅटिंगवाली बाजू लुडबुड करते. मी इंटरफिअरन्सला 'व्यत्यय' आणि ऑब्स्ट्रक्शनला 'अडवणूक' लिहून मोकळा झालो होतो. परवा कुडाळजवळच्या एका मॅचने घोळ घातला.

रनर थर्ड बेसवर, म्हणजे होमच्या आधीच्या शेवटच्या थांब्यावर, घसरत आला (होमला पोचला की रन). कॅचरचा (होममागे बसणाऱ्या फिल्डरचा) थ्रो अडवायला थर्डवाल्या पोराने सूर मारला, बॉल सुटून पार गडग्याला (दगडी कुंपणाला) जाऊन लागला. पोरगं तसंच पालथं, तोंडात तांबडी माती. रनर उठून होमकडे निघाला तो याच्या पाठीला पाय लागून कोसळला. तोवर बॉल परत आला आणि होमवर त्याला टॅग केलं, म्हणजे बाद करायला बॉल अंगाला टेकवला. पण अंपायरने आधीच पडलेल्या पोराकडे बोट दाखवून ठेवलं होतं, त्याने रन दिला. त्यांचे मास्तर धावत आत: "अंपायरांनू, माझ्या पोरान आडवल्यान नाय, तो आडवो पडलो!"

नियमाने अंपायर बरोबर. हातात बॉल नाही, बॉल घेण्याच्या प्रयत्नातही नाही, आणि तुझ्यामुळे रनर खोळंबला, एवढं पुरे. बॉल पुढे गेला तेव्हाच त्याची सूट संपली. हेतू कोणी विचारत नाही. पण मराठीने मास्तर बरोबर! 'अडवणूक' म्हटलं की त्यात मुद्दाम आलंच. मग काय लिहू?

पोफळीखाली: हुबेहूब 2013 च्या वर्ल्ड सीरिजचा (अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा) तिसरा सामना! बोस्टनचा मिडलब्रुक्स असाच पालथा पडला होता, सेंट लुईसचा ॲलन क्रेग त्याच्यावर अडखळला. क्रेग होमवर टॅग झाला, पण थर्डवरचे अंपायर जिम जॉइस यांनी ऑब्स्ट्रक्शन दिलं आणि त्याच रनवर सामना 5-4 संपला. बाकी 'अडथळा'त वाईट काय आहे? वाटेतला धोंडा अडथळाच असतो, त्याला कुठे हेतू असतो?

सड्यावरचा: धोंडा अडथळा *असतो*, पण माणूस अडथळा *आणतो*. कालच्याच पेपरात 'सरकारी कामात अडथळा' वाचलं असेल. त्यात कोणी चुकून अडथळा आणलेला ऐकलाय?

गुडघाकाढ: खो-खोवाला आहे, म्हणून बोलतो. बसलेल्या गड्याने पळणाऱ्याला अडचण होईल असं बसायचं नाही, आणि तशा अडचणीमुळे पळणारा बाद झाला तर तो बाद धरत नाहीत. म्हणजे न्याय तुमच्यासारखाच. आमच्याकडे याला शब्दच नाही. मैदानाबाहेरून फक्त "गुडघा काढ रे!" अशी आरोळी येते. आट्यापाट्यांत तर अडवणं हाच धर्म, तिथे तुमचा अंपायर वेडा होईल.

तारीखपेतारीख: अहो, कोकणातल्या माणसाने यासाठी शब्द शोधावा? निम्मे दावे वाटेचेच. 'वादीच्या वहिवाटीस हरकत-अडथळा करू नये' हे वाक्य मी किती वेळा टाइप केलं असेल! 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली शेताची वाट अडवली तर सहा महिन्यांत दावा लावता येतो. तिथे उभं राहून सगळे गडगा बघतात, गडगा घालणाऱ्याच्या मनात काय होतं ते नंतर. 'हरकत' घ्या.

निर्मळवाणी: 'हरकत' अरबी आहे. 'मार्गावरोध' हा सुटसुटीत, अर्थवाही शब्द हाताशी असताना उसनवारी कशाला?

गुडघाकाढ: अंपायर 'मार्गावरोध' म्हणेपर्यंत रनर होमला काय, स्वतःच्या घरी जाऊन जेवून येईल.

पोफळीखाली: गंमत बघा, अरबीत 'हरकत' म्हणजे हालचाल. हिंदीत अजून तेच. गाण्यातली हरकतही सुरांची हालचालच. मराठीनेच तिला हालचालीच्या आड उभं केलं. का, ते कोणी सांगेल काय?

तारीखपेतारीख: कोर्टात पाऊल टाकलं की सगळ्यांची हालचाल थांबते म्हणून.

सड्यावरचा: वहिवाट मात्र आवडली, कारण सगळा निवाडा वाट कोणाची यावरच आहे. मारलेला बॉल अडवायला फिल्डर निघाला की वाट त्याची, रनरने वळसा घालायचा. नाही घातला तर तो इंटरफिअरन्स. एरवी वाट रनरची. आणि अडलेल्या रनरला बाद करायचा प्रयत्न त्या क्षणी चालू नसेल तर खेळ थांबवायचा नाही, संपल्यावर अंपायरने ठरवायचं की हा अडला *नसता* तर कुठवर *पोचला असता*. ते 'असता' समजावताना माझी दोन पानं गेली.

क्रिकेटचा आधारही घेता येत नाही. 1989 ला अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध मोहिंदर अमरनाथ 'क्षेत्ररक्षणात अडथळा' म्हणून बाद झाला. तिथे अडथळा बॅट्समनचा, आणि तो जाणूनबुजून केलेला असावा लागतो. पोरांच्या डोक्यात 'अडथळा' तोच बसलाय, दोन्ही बाजूंनी उलटा.

माजघर: तुम्ही सगळे 'अडवणे'भोवती फिरताय. 'आडवं जाणं' आहे ना! मांजर आडवं जातं त्याला कुठे हेतू असतो? तरी आमची आजी चप्पल काढून परत घरात यायची. अंपायरने ओरडावं, "आडवा गेला!"

गुडघाकाढ: ताई, पोरगं पालथं पडलंवतं. गेलं कुठे?

माजघर: मग 'आड आला'. त्यात जाणं-पडणं सगळं मावतं.

निर्मळवाणी: परिभाषेत नाम लागतं, वाक्य चालत नाही. तद्भवच हवा तर 'अडसर' घ्या. आड + सर, दाराआड सरकवायची दांडी. हेतुनिरपेक्ष.

पोफळीखाली: ही फोड तुमच्या घरची वाटते! आणि अडसर म्हणजे दांडी ती शहरात. आमच्याकडे अडसर म्हणजे शहाळं सरून नारळ व्हायच्या मधला, खोबरं धरलेला पण अजून मऊ. दांडीला आम्ही आगळ म्हणतो.

माजघर: आगळ बरणीत असतो, काका. कोकमाचा.

तारीखपेतारीख: म्हणजे दाराला लावायच्या दोन्ही वस्तू तुम्ही पिऊन टाकल्यात. उगाच नाही कोकणात घरं उघडी असायची.

सड्यावरचा: मंडळी, टिपणं गुरुवारी छापायला द्यायचीत. 'आड येणे' आणि 'हरकत' दोन्ही उभे आहेत, एकावर बोट ठेवा.

निर्मळवाणी: अर्गला > आगळ ही दांडी संस्कृतातली. कोकमाच्या आगळेचा तिच्याशी संबंध नसावा.

माजघर: आगळेचा नाही हो, आगळाचा. आमच्याकडे तो आगळ.

पोफळीखाली: मालवणात की वेंगुर्ल्यात?