गोव्यातलं आपलं बोलणं: कुणाच्या घरात काय म्हणतात?

चौथीत निबंधात मी लिहिलं होतं, ‘माझी आई काजूच्या बागेत कामाक जाते.’ बाईंनी ‘कामाक’खाली लाल रेघ मारली, वर ‘कामाला’ लिहिलं आणि वही सगळ्या वर्गाला दाखवली. बाजूच्या बाकावरच्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, मुलानं ‘कामाला’च लिहिलं होतं. त्याच्या घरी रोज मराठी पेपर यायचा. आमच्या घरी तो मासळी बांधून यायचा. काजूच्या बोंडांच्या रसानं काळे पडलेले आईचे हात आठवले की ती रेघही आठवते.

हा ‘-क’ आमच्या पेडण्यात आणि पलीकडे सावंतवाडीतही घरोघर आहे. ‘घराक’, ‘बाजाराक’, ‘माका’, ‘तुका’. चुकून कधी कुणी ‘घरान जातंय’ म्हणत नाही, म्हणजे नियम पक्का आहे. पण पेपर वाचणाऱ्या घराचं ते शुद्ध आणि बागेत राबणाऱ्या घराचं ते गावठी, हे मी नवव्या वर्षी शिकले. हेही तितक्याच मनापासून सांगते, की 1961 नंतर, पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात, गावागावांत मराठी शाळा निघाल्या नसत्या तर आमच्या घरात पहिली अक्षरं कुणी गिरवलीच नसती.

जात, धंदा, जमीन, शिक्षण यांनी तुमच्याकडे बोलणं कुठे बदलतं? ऐकीव नको, घरचं सांगा.

डिचोलीहून

ताई, आमचे आजोबा मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे. भाटकाराच्या सोप्यावर ते कधी चढले नाहीत, पायरीखाली उभे राहून बोलायचे. ‘तुमी सांगतात तशें.’ आणि भाटकाराचा दहा वर्षांचा मुलगा त्यांना ‘तूं’ म्हणायचा. कोण वर, कोण खाली, ते क्रियापदावरूनच कळायचं. 1975 साली मुंडकार कायदा झाला, पुढे बाबांनी घर नावावर करून घेतलं. आजोबांचं ‘तुमी’ मरेपर्यंत सुटलं नाही. बाबांनी वेगळं केलं. त्याच मुलाशी, तो मोठा झाल्यावर, ते कोकणी बोलेनात. सरळ मराठीत बोलू लागले. ‘तुम्ही कधी आलात?’ मग त्यालाही ‘तुम्ही’ म्हणावं लागलं. शाळेतल्या मराठीनं बाबांना एक जागा दिली, जी घरच्या बोलीत मिळत नव्हती. म्हणून गोव्यातल्या बहुजनांना मराठी का जवळची वाटते याची चर्चा निघाली की मला ती पायरी दिसते.

फोंड्याहून

आमच्याकडे लग्न न झालेली मुलगी म्हणजे ‘तें’. ‘तें आयलें’, ‘तें गेलें’. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘ती आयली गे!’ मी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. आई मात्र शेवटपर्यंत ‘तें’च म्हणत राहिली. नवराही माझ्याबद्दल ‘तें’ म्हणतो. मला त्यात माया वाटते. माझ्या मुलीला ते मुळीच आवडत नाही, आणि तिला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.

मडगावहून

मी अंत्रुजचा, म्हणजे फोंड्याकडचा, ‘वचपाक’ (जायला) म्हणतो. इथला, सासष्टीचा, माझा मित्र ‘वचुंक’ म्हणतो, ‘घर’ला ‘गर’ म्हणतो. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी, आणि लिखाणातल्या त्या कोकणीवर आमच्या बाजूची छाप. त्याच्या घरी सगळं रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. सरकारी कागद आला की तो माझ्याकडे घेऊन येतो, मी वाचून दाखवतो. घरात दुसरी भाषा नाही, आणि तरी ‘त्याला नीट कोकणी येत नाही’ असं लोक म्हणतात. मला याचा राग येतो.

म्हापशाहून

शुक्रवारच्या बाजारात आई भाजी विकते. गिऱ्हाईक बघून ‘बाय’, ‘ताई’, ‘मॅडम’. तिची शाळा दुसरीपर्यंत.

सत्तरीहून

आजीला सही येत नव्हती, अंगठाच. दिवसभर ‘माका’, ‘तुका’, ‘खंय गेल्लो’. संध्याकाळी देवळात भजनाला बसली की ‘मज’, ‘तुज’, ‘मजलागी’, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी बारावीत होतो, मराठीत वर्गात पहिला. एकदा तिच्याबरोबर अभंग म्हणताना ‘मज’च्या जागी ‘मला’ म्हटलं. तिनं टाळ थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि ती ओळ पहिल्यापासून म्हणायला लावली.