मदत हवी आहे: बाबांसाठी जिम रीव्हजची 'खरी' सीडी कशी ओळखायची?

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप निघून जाणारी. आज स्वतःचंच अडलंय म्हणून धागा काढतेय.

बाबा जानेवारीत 75 पूर्ण करतील. ते परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. शेजारच्या लेथवर वसईचे पीटर अंकल. त्यांनी कधीतरी बाबांना जिम रीव्हज या अमेरिकन 'कंट्री' (तिकडच्या ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या) गायकाची एक कॅसेट दिली आणि आमच्या घरात भीमसेन, बाबूजी आणि जिम रीव्हज अशी त्रिमूर्ती विराजमान झाली. बाबांचं इंग्रजी बेअरिंग आणि टॉलरन्सपुरतं. पण हा गायला लागला की म्हणायचे, "हा ओरडत नाही बघ. शेजारी बसून बोलतोय." ती कॅसेट डेकने इतक्यांदा चावलीय की दुसऱ्या बाजूची दोन गाणी विहिरीतून आल्यासारखी ऐकू येतात.

घरात दादाने 2003 मध्ये घेतलेला सीडी प्लेअर आहे, उत्तम चालतो. म्हटलं वाढदिवसाला सीडी देऊ. ऑनलाइन एक मागवली, 349 रुपये. कव्हरवर जिम रीव्हजचा हसरा फोटो, नाव ठळक. बाबांनी लावली, दहा सेकंदही झाली नसतील, म्हणाले, "हा तो नाही." मी हुज्जत घातली. त्यांनी शांतपणे वर्कशॉपमधलं भिंग काढलं आणि मागच्या बाजूला तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'ट्रिब्यूट' लिहिलेलं मला दाखवलं. विक्रेत्याचं उत्तर: "लिहिलेलं होतं ना मॅडम." दुसरी मागवली ती शंभर गाण्यांची निघाली. प्लेअर 'नो डिस्क' दाखवून गप्प.

आता आत्तेभाऊ डिसेंबरमध्ये अमेरिकेहून येतोय, टेनेसीतच असतो. त्याला काय आणायला सांगू? वापरलेल्या सीडी घ्याव्यात का? त्याला यातलं शून्य कळतं, मलाही. (कृपया 'फोनवर ऐकवा' सांगू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबा फोनकडे बघतसुद्धा नाहीत.)

— पुदिना_चटणी

टवाळ_टोणगा: पेनड्राइव्ह. पन्नास रुपयांत काम.

पुदिना_चटणी: 2003 च्या प्लेअरला पेनड्राइव्ह खुपसायला जागा नाही हो. आणि बाबांना मागचं वाचायला काहीतरी हातात लागतं.

तबकडीवाला: ताई, बाबांचे कान आणि भिंग, दोन्हीला नमस्कार. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी शंभर गाण्यांचं. ती एमपी3 सीडी. आपल्याकडे मध्यंतरी स्टेशनबाहेर तशाच विकायचे. जुना प्लेअर फक्त ऑडिओ सीडी वाचतो, आणि तिच्यात 74 ते 80 मिनिटंच मावतात. म्हणजे तीन-तीन मिनिटांची पंचवीस-सव्वीस गाणी. एका तबकडीवर याहून फार जास्त गाणी सांगत असतील तर पुढे जा.

आता 'हा तो नाही'चं. यात तीन प्रकार असतात. एक ट्रिब्यूट, म्हणजे भलताच कोणी गातो. तुम्ही पोळलात तो हा. दुसरा जास्त लबाड: गायक तोच, पण गाणी नंतर पुन्हा गायलेली. एव्हर्ली ब्रदर्स या अमेरिकन गायक भावांचं ठळक उदाहरण आहे. त्यांनी कॅडेन्स कंपनी सोडली आणि 1964 मध्ये वॉर्नरसाठी जुनी गाजलेली गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. नाव तेच, आवाज तेच, तरी लहानपणी रेडिओवर ऐकलेलं गाणं ते नव्हे. अशा सीडीवर 'री-रेकॉर्डेड' असा शब्द कुठेतरी बारीक असतो. रॉक-पॉपच्या जुन्या लोकांचे संग्रह घेताना हे आधी शोधायचं. जिम रीव्हजच्या बाबतीत ती भीती कमी, कारण बिचारा 31 जुलै 1964 ला गेला. स्वतःच विमान चालवत होता, नॅशव्हिलजवळ वादळात सापडला. पुन्हा गायला फारसा वेळच मिळाला नाही.

तिसरा प्रकार युरोपातल्या स्वस्त संचांचा. 'आठ अल्बम चार सीडींत' वगैरे. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी 50 वर्षांचा होता, 2013 मध्ये 70 झाला, पण 1963 च्या आधी बाजारात आलेली गाणी तोवर हक्कातून सुटली होती. ती कोणीही छापू शकतो, आणि छापतात. यात फसवणूक नाही, गाणी अस्सलच असतात. मात्र मूळ टेप त्यांच्याकडे नसते. कोणी रेकॉर्डवरून उतरवतं, कोणी दुसऱ्याच्या सीडीवरून, आणि खरखर काढायच्या नादात आवाजातला गोडवाही खरवडून काढतात. बाबांसारख्या कानाला ते बोचेल. जिम रीव्हज आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा गायक, निर्माता चेट ॲटकिन्स. तेव्हा सीडीच्या पाठीवर आरसीए, बीएमजी किंवा आता सोनी दिसलं तर निर्धास्त घ्या.

वसईकर_पाव: पुदिनाताई, डोळे पाणावले. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात आणि ख्रिसमसला हा माणूस घरचाच. गोव्यात तर विचारूच नका. त्याच्या देशातले लोक विसरले असतील, आम्ही नाही. काळा घोड्याला रिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान होतं तेव्हा तिथे जाऊन आधी ऐकून मग घ्यायचो. 2016 मध्ये तेही बंद झालं. पीटर अंकल वसईत कुठले? आडनाव नको, गाव सांगा, ओळखीचे निघतील.

पुदिना_चटणी: पापडी! निघाले तर कळवा, बरेच वर्षांत भेट नाही.

टेनेसीतली_माय: मी नॅशव्हिलला सोळा वर्षं आहे, म्हणून बोलते. भाचरू टेनेसीतच आहे तर चिंताच नको. इथे गुडविलसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आजोबा-आजींच्या सीडी ढिगाने येतात, एक-दोन डॉलरला. मॅकेज नावाचं जुन्या पुस्तकांचं अवाढव्य दुकान आहे, तिथेही कंट्रीचा मोठा विभाग आहे. फक्त त्याला सांगा, डबी उघडून आत तीच सीडी आहे का ते आधी बघ! माझ्या यजमानांनी एकदा जॉनी कॅश म्हणून आणलं, आत कुणाची तरी कर भरायची सॉफ्टवेअरची डिस्क.

डबीच्या कण्यावर करवतीने कापल्यासारखी खाच दिसली तर घाबरू नका. न खपलेला माल स्वस्तात काढताना कंपन्या ती खाच पाडायच्या. सीडी आत चांगलीच असते.

तबकडीवाला: टेनेसीच्या माय, बरोबर. खाच हा तर पुरावा की माल कंपनीकडूनच निघालाय.

भावाला सांगायचं: सीडी उलटी करून उजेडात धर. कारखान्यात छापलेली असेल तर खालची बाजू चांदीसारखी, आणि मधल्या भोकाजवळच्या कड्यावर कोरलेला नंबर असतो. हिरवट-निळसर झाक दिसली तर घरी कॉम्प्युटरवर कॉपी केलेली, ठेवून दे. मग दिव्याकडे धरून आरपार बघ. सुईने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर नको. लोक खालच्या ओरखड्यांना घाबरतात, पण गाणं ज्या थरात असतं तो वरच्या छपाईच्या लगेच खाली असतो. खालचा जाड प्लास्टिकचा थर बराच मार खातो, वरचा ओरखडा थेट गाण्यावर. आणि कडेने तपकिरी चढलेली, 'मेड इन यूके बाय पीडीओ' छापलेली सीडी दिसली तर तीही नको. ब्लॅकबर्नच्या त्या कारखान्यात 1988 ते 1993 दरम्यान बनलेल्या बऱ्याच सीडी अशाच गंजत गेल्या.

पैशांची उडी मोठी असेल तर जर्मनीच्या बेअर फॅमिली या कंपनीचा 16 सीडींचा पेटारा आहे. पण मी म्हणेन, आधी दोन एलपी (जुन्या मोठ्या रेकॉर्ड) एका सीडीवर असलेले जोड-अल्बम बघा. तेव्हाच्या कंट्री एलपीवर बारा गाणी, जेमतेम अर्धा तास. दोन आरामात बसतात.

हेमांगी_दे: बॅगेत डब्यांसकट आणू नका, झाकणाचे कान हमखास मोडतात. सीडी कापडी पाकिटात, बुकलेट आणि मागचा कागद वहीत सपाट. इथे रिकाम्या डब्या मिळतात. (अनुभवी. बारापैकी नऊ डब्या मोडल्या होत्या.)

पुदिना_चटणी: (27 डिसेंबर) मंडळी, अपडेट. आत्तेभावाने तीन आणल्या, आरसीएच्याच, मिळून आठ डॉलर. वहीतून बुकलेटं, पाकिटातून सीडी, एकही ओरखडा नाही. वाढदिवसापर्यंत दम कुठला निघायला, काल रात्रीच लावली.

पहिल्या ओळीला बाबांनी मान डोलावली. "हाच." टेलिफोनवरचं ते गाणं तीनदा ऐकलं. आई जेवायला हाका मारून दमली. मग चौथं की पाचवं गाणं लागलं आणि बाबांच्या कपाळाला आठी. "आवाज त्याचाच आहे. पण ही व्हायोलिनं कुठनं आली? आपल्या कॅसेटवर नव्हती." आता हे काय नवीन?

तबकडीवाला: काका धन्य आहेत. ताई, हा चौथा प्रकार, मी मुद्दामच टाळला होता, म्हटलं कशाला गोंधळ. जिम रीव्हज गेल्यावर आरसीए त्याच्या जुन्या टेपा काढून त्यावर नवीन वाद्यं चढवत राहिली आणि वर्षानुवर्षं 'नवी' गाणी काढत राहिली. 'डिस्टंट ड्रम्स' 1966 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा माणूस जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याखाली होती एक साधी नमुन्याची टेप, ऑर्केस्ट्रा नंतरचा. त्यामुळे एकाच गाण्याची साधी आणि सजवलेली अशी दोन रूपं सापडतात. बुकलेटमध्ये 'ओव्हरडब' शब्द शोधा. नसेल तर गाण्याची लांबी जुळवा, मिनिट-सेकंदांत. कॅसेटच्या कव्हरवर वेळा छापल्यात का?

पुदिना_चटणी: कॅसेटचं कव्हर केव्हाच गेलं.

तबकडीवाला: मग घड्याळ लावून मोजा. टेप थोडी हळू-जलद चालते, दोन-तीन सेकंद इकडेतिकडे धरा.

वसईकर_पाव: पुदिनाताई, पापडीचे पीटर अंकल सापडले! माझ्या मावशीच्या गल्लीत. नंबर व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

पुदिना_चटणी: वसईकर, काय सांगू! आत्ता दोघं फोनवर आहेत, स्पीकर लावून. पीटर अंकलकडे त्याच कॅसेटची जोडीची प्रत आहे, कव्हरसकट, पण वेळा छापलेल्या नाहीत. म्हणून बाबांनी स्टॉपवॉच काढलंय. तिकडे अंकल कॅसेट लावतायत, इकडे बाबा सीडी. दोन गाणी जुळली. तिसऱ्याला अकरा सेकंदांचा फरक आला. बाबा वहीत लिहितायत: 'टॉलरन्स 3 सेकंद. रिजेक्ट.'